मेल नव्या सर्व्हरवर नेताना फोल्डरची नावं का फुटतात

फोर्टमधल्या सीए ऑफिसात दर पार्टीचा एक मेल फोल्डर असतो: ‘मे. गणेश ट्रेडर्स’, ‘मे. शहा अँड सन्स’. फोल्डरच्या आतला फोल्डर दाखवायला जुना सर्व्हर ‘/’ वापरणारा आणि नवा ‘.’ वापरणारा निघाला, की स्थलांतरानंतर ‘मे’ नावाचा एकच फोल्डर उगवतो आणि सगळ्या पार्ट्या त्याच्या पोटात जातात. मेल कुठे गेलेला नसतो. ‘मे’पुढचं टिंब सर्व्हरने उतरंडीची पायरी म्हणून वाचलं, एवढंच.

आयमॅपमध्ये (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) फोल्डरची उतरंड म्हणजे एक सलग नाव. त्यात पायरी दाखवणारं चिन्ह (विभाजक) कोणतं, ते सर्व्हर ठरवतो. म्हणून अंदाज करू नका, त्यालाच विचारा. ओपनएसएसएल या कमांड-लाइन साधनाने सर्व्हरच्या ९९३ पोर्टवर (सुरक्षित आयमॅपचं दार) जोडणी करा, लॉगिन करा आणि ‘नेमस्पेस’ (फोल्डरनावांची जागा) ही आज्ञा द्या (टाइप अर्थात रोमनमध्ये). उत्तर साधारण असं येतं:

(("इनबॉक्स." ".")) निल निल

तीन जागा क्रमाने स्वतःच्या, इतर वापरकर्त्यांच्या आणि सामायिक फोल्डरांच्या. ‘निल’ म्हणजे ती सोय नाही. पहिल्या कंसात आधी उपसर्ग (प्रत्येक नावाआधी लागणारा भाग), मग विभाजक. इथे उपसर्ग ‘इनबॉक्स.’ आहे, म्हणजे ‘सेंट’ फोल्डर हवा असेल तर ‘इनबॉक्स.सेंट’ असंच मागावं लागेल. नुसतं ‘सेंट’ मागितलं तर डव्हकॉट हा मेल सर्व्हर ‘नावाआधी बहुधा इनबॉक्स. हवं’ अशा अर्थाची चूक दाखवतो. बरेच जण इथे पासवर्ड बदलत बसतात. त्याचा काही संबंध नाही. थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये वैयक्तिक नेमस्पेसचा रकाना आहे, तो तपासा.

सर्व्हर तुमच्याच ताब्यात असला, तर डव्हकॉटमध्ये विभाजक ‘/’ करता येतो. पण मेलडिर++ ही मेल साठवायची रचना डिस्कवर टिंबच वापरते, त्यामुळे ‘मे.’ असलेलं नाव डव्हकॉट तरीही नाकारतो. डव्हकॉटच्या २.३ मालिकेत त्यावर लिस्टएस्केप प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) आहे. ते नको असेल तर आधी जुन्या सर्व्हरवरच ‘मे.’चं ‘मेसर्स’ करून घ्या. आमच्या मते हाच कमी डोकेदुखीचा मार्ग. उपसर्ग काढून टाकलात तर जुना ‘इनबॉक्स.’ लपवलेल्या, यादीत न दिसणाऱ्या नेमस्पेसमध्ये चालू ठेवा, नाहीतर जुनंच नाव मागणारे सगळ्यांचे फोन एकदम तक्रार करतील.

मराठी फोल्डरनावं डिस्कवर ‘&’ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसू शकतात. ते सुधारित यूटीएफ-७ (आयमॅपची बिगर-रोमन नावं लिहायची पद्धत) आहे, हाताने ‘दुरुस्त’ करू नका.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणारं आयमॅपसिंक हे साधन आधी ‘ड्राय’ (नुसती रंगीत तालीम) आणि ‘जस्टफोल्डर्स’ (फक्त फोल्डर) हे पर्याय लावून चालवा. कोणतं नाव कशात बदलणार ते छापून येतं. त्यात ‘मे.’ शोधा, मगच खरी कॉपी सुरू करा.