खाडीत फ्लाय फिशिंग शिकताय? या चुका टाळा

देवबागला कर्लीच्या खाडीवर मी लहानपणापासून बाबांबरोबर गरवत आलो. गरीला कोळंबी, वर शिसं, आणि द्यायचं फेकून. जहाजावर नोकरी करणाऱ्या मित्राने सुट्टीत फ्लायचा रॉड हातात दिला, तेव्हा मी तसाच जोर लावला. पहिली चूक हीच. गरीत शिसं दोरीला ओढून नेतं. इथे उलटं आहे. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं बांधून केलेलं खोटं आमिष, तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन जाड दोरीचं, आणि तीच फ्लायला घेऊन जाते. दोरी आधी मागे फेकायची. ती मागे पुरती सरळ झाली तरच रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉडच तिला पुढे सोडतो. मी घाईने पुढे झटका द्यायचो. चाबकासारखा फटकारा वाजायचा, फ्लाय तुटायची, दोरी पायाशी गोळा.

"घाय करू नको रे, दोरी आधी मागे जाव दी." दोन दिवस त्याने मला पाण्याजवळ जाऊच दिलं नाही. खळ्यात, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून सराव. प्रत्येक वेळी मान वळवून मागची दोरी बघायची. तुम्हीही बघा. फटकारा ऐकू आला तर घाई झाली. दोरी मागे जमिनीला टेकली तर एक तर उशीर झाला किंवा मनगट फार मागे पडलं.

दोरीच्या टोकाशी आपोआप गाठी पडतात त्याचा दोष लोक वाऱ्याला देतात. बहुतेकदा पुढचा झटका एकदम दिलेला असतो. गाठ दिसली की ते टोक बदला, तिथेच तुटतं.

मासा लागला की रॉड वर उचलू नका. टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने दोरी खस्सकन ओढा. माझी पहिली तांबोशी रॉड उचलल्यामुळेच कांदळाच्या मुळांत गेली.

वेळ चुकवू नका. जुना हिशोब सोपा आहे: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला भरती ६ च्या सुमारास. पाणी ओसरू लागलं की कांदळातली कोळंबी बाहेर येते आणि मोठे मासे वहाळाच्या तोंडाशी थांबतात. शक्यतो सकाळची ओहोटी धरा, दुपारी समुद्राचा वारा दोरी टाकू देत नाही. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, दर वेळी.

एक चूक मात्र रॉडची नाही. बाबा गेल्यावर मी खाडीकडे जाणंच सोडलं होतं. गरी हातात धरवत नव्हती. मित्राने ती धरायला सांगितली नाही, वेगळाच रॉड दिला आणि त्याच पाण्यावर मला परत आणलं. हे मी त्याला कितीतरी वर्षं बोललो नाही. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. तुम्ही एवढे थांबू नका.

गेल्या मे महिन्यात सांगितलं. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "बाबा खंय बसान गरवत होते?"

मी त्याला तो खडक दाखवला.