इंजिनातल्या वायूचं गणित: या चुका टाळा

डिझेल इंजिनाचं एक साधं गणित मी प्रत्येक नव्या तुकडीला घालतो. हवा २७ अंश सेल्सिअसला आत आली, कॉम्प्रेशन रेशो १८ (म्हणजे हवा दाबून अठराव्या हिश्श्यात बसवली), तर दाबून झाल्यावर तिचं तापमान किती? निम्म्या वह्यांत उत्तर येतं ८६ अंश, आणि वर त्याला चौकटही काढलेली असते.

८६ अंशांना डिझेल पेटेल कसं? आपोआप पेट घ्यायला त्याला दोनशेच्या वर तापमान लागतं. चौकट काढण्याआधी एवढं मनाशी विचारलं तरी चूक हाती लागते. वायूचे नियम निरपेक्ष तापमानावर, म्हणजे केल्विनवर चालतात; सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. हवा झटकन दाबली की हे तापमान रेशोच्या ०.४ व्या घाताइतक्या पटीने चढतं. १८ चा ०.४ वा घात साधारण ३.१८ (२७ ला यानेच गुणलं की ते ८६ येतात), म्हणून उत्तर ९५३ केल्विन, म्हणजेच ६८० अंश. मी कागदावर आकडे मांडण्याआधीच सगळी तापमानं केल्विनमध्ये करून घेतो. ‘शेवटी २७३ मिळवू’ म्हणणारे हमखास विसरतात, आणि विसरले नाहीत तरी तोवर गुणाकार चुकलेलाच असतो.

याच गणितात काही जण बॉइलचा नियम (आकारमान जितक्या पट कमी, दाब तितक्या पट जास्त) लावून सुरुवातीच्या १ बारवरून दाब १८ बार काढतात. तो नियम तापमान स्थिर असतानाचा. ३००० आरपीएमला एक स्ट्रोक १० मिलिसेकंदांत संपतो; तेवढ्यात उष्णता बाहेर जाणार किती? रुद्धोष्म, म्हणजे उष्णता आत-बाहेर होत नाही असं धरणाऱ्या सूत्राने दाब ५७ बारच्या आसपास येतो.

गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो; तो सूत्रात तसाच घालू नका, त्यात वातावरणाचा दाब मिळवा.

‘पेट्रोल जळून पुष्कळ वायू तयार होतो, म्हणून पिस्टन ढकलला जातो’ हे तर अनुभवी माणसंही सांगतात. पेट्रोलमधल्या ऑक्टेनचा १ मोल (मोल म्हणजे रेणूंची ठराविक संख्या) हवेसह पूर्ण जाळला तर आधीचे ६०.५ मोल नंतर ६४ होतात. वाढ सहा टक्क्यांहूनही कमी. दाब कित्येक पटींनी चढतो तो तापमानामुळे.

आता ज्या चुकीने माझे दोन दिवस खाल्ले ती. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ओढ नाही अशी तक्रार. कॉम्प्रेशन गेज लावला तर चारही सिलिंडर सात बारच्या आसपास. सोबतचा मुलगा म्हणाला, पिस्टनभोवतीच्या, दाब रोखणाऱ्या रिंगा गेल्या. मलाही पटलं. हेड उतरवलं, पिस्टन काढले, रिंगा मोजल्या, सगळं मापात. त्याच रिंगांवर इंजिन पुन्हा बांधलं आणि या वेळी थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची वाट) पूर्ण उघडून स्टार्टर मारला. चारही सिलिंडर १२ बार!

पहिल्या वेळी थ्रॉटल बंद होता. हवा पुरेशी आतच गेली नव्हती. सुरुवातीचा दाब कमी, तर शेवटचाही त्याच पटीत कमी. शिवाय चारही आकडे सारखेच पडले होते, तेव्हा कारण चौघांना सामाईक असणार हे तिथेच सुचायला हवं होतं. झिजलेलं इंजिन असं समसमान क्वचितच झिजतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, आणि एक माणूस अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसलेला. रेशो १० असेल तर सूत्र २५ बार सांगतं, गेज त्याच्या निम्म्याच्या आसपास दाखवतो. हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते, सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढतात, थोडी गळतीही असते. तो फरक बघून पाना उचलू नका; आधी चारही आकडे एकमेकांशी ताडून बघा.