नेट बंद करूनही चालेल अशी खरेदी: गेम आणि गाणी विकत घेताना

'द क्रू' हा युबीसॉफ्टचा गाड्यांचा गेम 2014 साली आला आणि 31 मार्च 2024 ला कायमचा बंद झाला. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचा. सर्व्हर गेला आणि कपाटातल्या डिस्कची बशी झाली. त्यानंतर बऱ्याच जणांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेतला गेला. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या कार्टमध्ये हल्ली स्पष्ट लिहून येतं की तुम्ही परवाना घेताय; 2025 च्या सुरुवातीला लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दुकानांना हे सांगणं भाग पाडलं आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट बघायची: ही फाइल चालू होताना कोणाची परवानगी मागते? दुकानाच्या ॲपची, कंपनीच्या सर्व्हरची, की कोणाचीच नाही?

कुलूप आहे की नाही, हे आधी कसं कळेल

स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या रकान्यात थोडं खाली या. 'थर्ड-पार्टी डीआरएम' (डीआरएम म्हणजे परवानगी मागणारं डिजिटल कुलूप) अशी चौकट असेल तर तिथे डेनुव्होसारखं कुलपाचं नाव आणि एका दिवसात किती वेगवेगळ्या पीसींवर गेम सुरू करता येईल त्याची मर्यादा लिहिलेली असते. 'थर्ड-पार्टी अकाउंट' लागतं असं लिहिलं असेल तर स्टीमच्या जोडीला आणखी एका कंपनीचं लॉगिन गळ्यात पडणार. पण चौकट नाही म्हणजे कुलूप नाही, असं धरू नका. स्टीमचं स्वतःचं कुलूप त्या चौकटीत दाखवत नाहीत. पीसीगेमिंगविकी या पीसी गेमची माहिती देणाऱ्या साइटवर गेमच्या पानावर 'अव्हेलेबिलिटी' नावाचा तक्ता असतो. कोणत्या दुकानातल्या प्रतीला कोणतं कुलूप आहे ते त्यात ओळीने दिलेलं असतं. खरेदीआधी हा तक्ता बघायला एक मिनिट पुरतं.

तोच गेम जीओजीवर असेल तर तिथून घ्या, मग सेलमध्ये पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तरी चालतील. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने 2008 साली सुरू केलेल्या या दुकानाचा सगळा धंदाच बिनकुलपाच्या गेमवर उभा आहे. छोट्या, स्वतंत्र गेमसाठी इच डॉट आयओ बघा. तिथे बहुतेक वेळा साधी झिप फाइल मिळते.

किंमत परकीय चलनात असेल तर कार्डावर अडतं. ऑक्टोबर 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा हजार-दोन हजारांची ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. बँक वर साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप (जादा शुल्क) लावते आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. किमतींची तुलना करताना हे धरा.

जीओजीची प्रत घरात आणणं

इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. जीओजीच्या गॅलक्सी ॲपमधून गेम इन्स्टॉल केला, खेळला, संपलं. पण इन्स्टॉल केलेला गेम म्हणजे इन्स्टॉलर नव्हे. पीसी फॉरमॅट झाला की तो गेला. ब्राउझरमध्ये लॉगिन करून लायब्ररीत गेमवर क्लिक करा आणि 'ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स' हा भाग शोधा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषा निवडली की फायलींची यादी येते: एक छोटी ईएक्सई आणि मोठ्या गेमला तिच्यासोबत काही बिन फायली. सगळ्या घ्यायच्या. डीएलसी (गेमचे वेगळे विकले जाणारे जोडभाग) विकत घेतले असतील तर त्यांचे इन्स्टॉलर वेगळे असतात. नेमके तेच राहून जातात आणि दोन वर्षांनी आठवतात.

सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं बदलू नका. नावात 'कॉपी' किंवा कंसातला 1 घुसला, किंवा एखादी बिन फाइल राहिली, तर इन्स्टॉल अर्ध्यात थांबून पुढची डिस्क मागतो. नवखा माणूस डीव्हीडी शोधायला लागतो. तो सापळा नाही, इन्स्टॉलर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची ती जुनी भाषा आहे. त्याला फक्त पुढची बिन फाइल हवी असते.

ईएक्सई खरी आहे का हे बघायला तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. सही जीओजीची दिसली पाहिजे. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या 'जीओजी इन्स्टॉलर'ला ती सही नसेल तर तो चालवू नका.

स्टीमवरच्या गेमची परीक्षा

स्टीमवरचे बरेच गेम प्रत्यक्षात बिनकुलपाचे असतात, फक्त कोणी सांगत नाही. तपासायला दहा मिनिटं लागतात. गेम पूर्ण डाउनलोड होऊ द्या. लायब्ररीत नावावर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स. जो फोल्डर उघडेल तो अख्खा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग ज्या लॅपटॉपवर स्टीम कधी टाकलेलंच नाही अशा लॅपटॉपला ती डिस्क लावा, वायफाय बंद करा आणि गेमच्या ईएक्सईवर डबल क्लिक करा.

गेम सरळ सुरू झाला तर तो फोल्डर हाच तुमचा बॅकअप. स्टीम हवं असं म्हणत बंद पडला तर कुलूप आहे. तिसरी शक्यता फसवी असते: एमएसव्हीसीपी 140 वगैरे नावाची डीएलएल सापडत नाही असा निरोप येतो. हे कुलूप नाही. नव्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस पॅकेज नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत मिळतं. 32 आणि 64 बिट दोन्ही टाका आणि परीक्षा पुन्हा घ्या. हीच परीक्षा स्टीम असलेल्या पीसीवर घेतली तर निकाल भरवशाचा नसतो, कारण गेम गुपचूप स्टीमला उठवतो आणि तुम्हाला वाटतं, चालला की!

स्टीममध्येच 'बॅकअप गेम फाइल्स' अशी सोय आहे. तिने डाउनलोडचा डेटा वाचतो, बाकी काही नाही. परत टाकताना स्टीम आणि लॉगिन लागतंच.

कुलूप असलेला गेम घ्यायचाच असेल, गावी किंवा प्रवासात खेळायचा असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी नेट चालू असताना तो एकदा मेन मेनूपर्यंत सुरू करा, सगळे अपडेट संपू द्या आणि मग स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन' करा. नेट तोडून पुन्हा सुरू करून बघा. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी: अपडेट अर्धवट राहिलेला गेम ऑफलाइन उघडत नाही, ईए किंवा युबीसॉफ्टचा लाँचर (गेम सुरू करणारं त्यांचं ॲप) स्वतःचं लॉगिन मागतो, आणि डेनुव्होवाला गेम विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा पार्ट बदलल्यावर पुन्हा सर्व्हरला विचारतो.

परताव्याचे नियम पाठ असू द्या. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवस आणि खेळलेला वेळ 2 तासांच्या आत. हा वेळ गेम उघडा असेपर्यंत मोजला जातो. सेटिंग करत बसलात, मेनूवर ठेवून जेवायला गेलात, तरी मीटर चालूच. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात फक्त एवढंच बघा की आपल्या मशीनवर तो नीट चालतो का. पैसे आले त्या वाटेने परत पाठवता येत नसतील तर ते स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात. जीओजीवर 30 दिवस मिळतात आणि खेळून झाला असला तरी परतावा मागता येतो. देश बदलणाऱ्यांसाठी: स्टीमवर दुकानाचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो आणि त्यासाठी त्या देशातलं पेमेंट लागतं. पुण्याहून जर्मनीला जाताना सेलच्या तोंडावर ही घाई करू नका.

जुन्या सीडीवरचे गेम

2000 च्या आसपासच्या ओरिजिनल सीडी विंडोज 10 मध्ये घातल्यावर काहीच होत नाही, अशी तक्रार नेहमी येते. सीडी खराब नसते. त्या काळच्या सेफडिस्क या कुलपाला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागायचा. विंडोज 10 मध्ये तो चालतच नाही आणि सप्टेंबर 2015 च्या सुरक्षा अपडेटने तो व्हिस्टा, 7 आणि 8 वरही बंद केला. बंद केला ते योग्यच; त्या ड्रायव्हरमधल्या भोकातून पीसीचा पूर्ण ताबा घेता येत होता. तो पुन्हा चालू करण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ सोडून द्या. कंपनीने स्वतः काढलेला शेवटचा पॅच शोधा, काही कंपन्यांनी त्यात सीडीची तपासणी काढून टाकली आहे. नाहीतर जीओजीवरची प्रत घ्या. पैसे देऊन सीडी घेतलेल्याचा गेम अडतो आणि कुलूप तोडलेल्या, म्हणजे क्रॅक केलेल्या प्रतीवाल्याचा चालतो, हा उफराटा न्याय याच पिढीच्या कुलपांनी दिला.

तरी क्रॅक नको, आणि कारण व्यवहारी आहे. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना पाळून तुम्ही कोणाची तरी अनोळखी ईएक्सई ॲडमिन म्हणून चालवता. त्याच पीसीवर नेटबँकिंग असतं. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब सांगतं की पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हाच गुन्हा, किमान शिक्षा सात दिवसांपासून. रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायला मात्र कलम 52 ची मुभा आहे.

गाणी

स्ट्रीमिंग ॲपमधलं 'डाउनलोड' म्हणजे खरेदी नव्हे. स्पॉटिफायवर 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये विकत घेतलेलं आणि भाड्याचं गाणं शेजारी शेजारी दिसतं. गाण्यावर राइट क्लिक करून 'गेट इन्फो'च्या फाइल टॅबमध्ये 'काइंड' बघा. 'पर्चेस्ड एएसी' असेल तर ती बिनकुलपाची 256 केबीपीएसची फाइल आहे, कुठेही कॉपी करा. 'ॲपल म्युझिक एएसी' असेल तर वर्गणी थांबली की तीही थांबली. विकत घेतलेल्या फाइलच्या आत तुमचं नाव आणि ईमेल लिहिलेलं असतं, तेव्हा ती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवताना दहादा विचार करा.

बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर पैसे भरल्यावर फॉरमॅट निवडायला मिळतो. आवाजातलं काहीही न गाळणारा एफएलएसी घ्या. त्यातून एमपी 3 कधीही करता येते, उलटं करून काही परत मिळत नाही.

मराठी संगीताचा मोठा भाग मात्र अजून सीडीतच आहे, आणि तिथे थोडे कष्ट आहेत. आधी सीडी कोणती ते बघा. 'एका सीडीत 50 गाणी' छापलेली असेल तर ती एमपी 3 ची डेटा सीडी. फायली नुसत्या कॉपी करा. दहा-बारा गाण्यांची ऑडिओ सीडी असेल तर यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह आणि विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, ईएसी, हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. सीडी घालताना शिफ्ट दाबून ठेवा किंवा ऑटोप्ले बंदच करा. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींनी ऑटोरनमधून पीसीत रूटकिट (स्वतःला लपवणारं घुसखोर सॉफ्टवेअर) टाकून ठेवलं होतं. त्यातल्या सीडी सेकंडहँड बाजारात आजही असतील.

ईएसीमध्ये रीडिंग मोड 'सिक्युअर' ठेवा. तुमची प्रत बरोबर आली का हे ॲक्युरेटरिप नावाच्या डेटाबेसशी ताडून बघता येतं, पण नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग यांच्या सीडी त्यात बऱ्याचदा नसतात. तेव्हा 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. प्रत्येक गाणं दोनदा वाचलं जातं आणि दोन्ही वेळचा सीआरसी हा तपासणीचा आकडा शेजारी दिसतो. आकडे जुळले की गाणं बरोबर उतरलं. जुळले नाहीत तर सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा (गोल गोल नाही), वेग 4एक्स किंवा 8एक्सवर आणा आणि फक्त तेवढंच गाणं पुन्हा घ्या. तासाभराच्या सीडीची एफएलएसी साधारण 300 ते 400 एमबी होते, 320 केबीपीएसची एमपी 3 दीडशे एमबीच्या आत.

मग नावं. मराठी सीडीसाठी आपोआप आलेली नावं अनेकदा भलत्याच अल्बमची असतात, म्हणून कव्हर समोर ठेवून 'एमपी3टॅग' या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाका. देवनागरी लिहिल्यावर प्रश्नचिन्हं दिसली तर त्याच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज, एमपीईजी इथे आयडी 3 व्ही 2.3 आणि यूटीएफ-16 निवडा. आयएसओ 8859-1 मध्ये देवनागरी बसत नाही. एफएलएसीला ही अडचण येत नाही. गाडीचा जुना स्टिरिओ तरीही चौकोनच दाखवेल, कारण त्याच्यात देवनागरीचा फॉन्टच नसतो. गाडीच्या पेनड्राइव्हसाठी रोमन नावांच्या एमपी 3 चा वेगळा फोल्डर करा.

ठेवायचं कुठे

दोन वेगळ्या डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. नवा पेनड्राइव्ह एफएटी 32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल घेत नाही, आणि जागा शिल्लक असताना 'फाइल टू लार्ज' म्हणतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. गाडीच्या पेनड्राइव्हला मात्र एफएटी 32 च राहू द्या, बरेच स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. कॉपी झाल्यावर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतून मूळ फाइलचा आणि प्रतीचा एसएचए-256 (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा आणि दोन्ही जुळतात का बघा. मोठ्या बिन फायलींना हे कराच, कारण यूएसबी हब मध्येच सैल झालेला तेव्हा कळत नाही, इन्स्टॉलच्या 90 टक्क्यांवर कळतं. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवू नका, त्या कामाला जुनी फिरती हार्ड डिस्क बरी.

आणि सेव्ह फायली, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद. त्या गेमच्या फोल्डरमध्ये क्वचितच असतात. डॉक्युमेंट्स, सेव्हड गेम्स किंवा लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये सापडतात. नेमकी जागा पीसीगेमिंगविकीच्या त्याच पानावर थोडी खाली दिलेली असते.