कूलर-गिझरला प्लगचा टायमर लावताय? या चुका टाळा

आमच्या अमळनेरकडे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. कूलर लावल्याशिवाय डोळा लागत नाही. पहाटे चारच्या सुमाराला मात्र तोच वारा अंगाला झोंबायला लागतो आणि उठून बटण बंद करायचं जिवावर येतं. आईला गुडघ्यांमुळे ते जमतच नव्हतं, म्हणून तिच्या कूलरला प्लगमध्ये बसणारा टायमर आणला. पुढे शेजारीपाजारीही बसवून दिले. त्यात माझ्या आणि इतरांच्या ज्या चुका झाल्या, त्या इथे मांडतो.

लाईट जाते हे विसरून टायमर घेणं

स्वस्तातला टायमर गोल चकतीचा असतो. चकतीच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या 96 बारीक खुंट्या. जेवढ्या दाबाल तेवढा वेळ उपकरण चालू. आईने तो पहिल्याच दिवशी स्वतः लावला, इतका सोपा. पण ती चकती विजेवरच फिरते. लाईट गेली की थांबते आणि आली की थांबली होती तिथून पुढे निघते. वळवाच्या वादळात तीन तास लाईट नसली, तर चारला बंद व्हायचा कूलर सकाळी सातला बंद होतो आणि दुसऱ्या रात्री नऊऐवजी बाराला सुरू होतो. दर वेळी चकती हाताने फिरवून वेळ जुळवावी लागते. आईने आठवडाभर जुळवली, मग टायमर कपाटात गेला.

म्हणून आपल्या भागात मी डिजिटलच घ्यायला सांगतो. आत छोटी बॅटरी असते. लाईट नसतानाही घड्याळ चालतं आणि लावलेल्या वेळा पुसल्या जात नाहीत. बॅटरी आहे का, हे दुकानातच विचारून घ्या. वायफायवाला स्मार्ट प्लग मोबाइलवरून चालतो खरा, पण त्यातले बरेचसे वेळ इंटरनेटवरून घेतात. लाईट आली आणि नेट आलं नाही, तर ते गोंधळतात.

शेजारच्या जिभाऊंना वाटलं, हा विहिरीच्या मोटारीला लावतात त्या ऑटो स्विचसारखाच. ऑटो लाईट आली की मोटार सुरू करतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. टायमर फक्त घड्याळ बघतो. शेतातली थ्री फेज मोटार प्लगच्या टायमरवर चालवायची नसतेच.

वॅट न बघणं

टायमरवर अँपिअर लिहिलेले असतात. 6 अँपिअर म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 1380 वॅट, 16 अँपिअर म्हणजे 3680 वॅट. घरगुती कूलर दोन-अडीचशे वॅटचा, त्याला कोणताही चालेल. पण डिसेंबरात धुळ्याकडे थंडी पडली की तोच टायमर गिझरला लावला जातो, आणि 2000 वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. 6 अँपिअरचा टायमर तिथे वितळू शकतो. गिझरला 16 अँपिअरचाच, तोही मोठ्या तीन पिनचा आणि थेट भिंतीतल्या पॉवर सॉकेटमध्ये. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहा. चटका बसला किंवा वास आला, तर सॉकेट ढिलं आहे. आधी ते बदला.

पाण्याच्या मोटारीचं वेगळं. अर्ध्या एचपीची मोटारही सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, त्याने टायमरच्या आतले पॉइंट चिकटतात. मग पडद्यावर ‘ऑफ’ दिसतं आणि मोटार चालूच राहते. शिवाय नळाला पाणी आलं नाही तरी टायमर मोटार कोरडी फिरवणारच. मोटारीला टायमर लावूच नका.

हीटर रॉडलाही नाही, कधीच नाही. बादलीत पाणी आहे की नाही हे टायमरला कळत नाही.

टायमरने बंद केलं म्हणजे वीज तुटली, असं समजणं

हे वाचल्याशिवाय कूलरला टायमर लावू नका. बहुतेक टायमर दोनपैकी एकच वायर तोडतात. सॉकेटमध्ये फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) उलटे जोडलेले असतील, तर कूलर बंद दिसतो, पण आतल्या पंप-पंख्याच्या वायरपर्यंत फेज पोहोचलेलाच असतो. वायर सोललेली असेल, तर पत्र्यातही उतरतो. आपल्याकडे कूलरमध्ये पाणी भरायचं काम ओल्या फरशीवर, अनवाणी, बऱ्याचदा मुलांकडून होतं. समोरून पाहताना सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर वायरमनला बोलवा आणि त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना टायमरसकट प्लग उपसून ठेवायचा, मग टायमर कोणताही असो.

ऑनलाइन मागवताना पिनांचा फोटो नीट बघा. काही टायमर दोन गोल पिनांचे परदेशी असतात. त्यांना अ‍ॅडॉप्टर जोडला की अर्थिंग तुटू शकते. पत्र्याच्या कूलरला असला टायमर नको.

लावला, पण चालत नाही

नव्या डिजिटल टायमरचा पडदा कोरा असेल तर तो खराबच असेल असं नाही, बहुधा बॅटरी उतरलेली असते. रात्रभर प्लगमध्ये ठेवा, मग बारीक भोकातलं रिसेट पिनेने दाबा. वेळा बरोबर असूनही कूलर सुरू होत नसेल, तर मोड ‘ऑटो’वर आहे का पाहा, ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’वर राहिला तर तो घड्याळाला जुमानत नाही. सगळं बरोबर एक तास पुढे पळत असेल, तर परदेशातल्या उन्हाळी वेळेचं बटण दाबलं गेलंय, पडद्यावर ‘+1’ सारखी खूण दिसेल. रात्री नऊऐवजी सकाळी नऊ लावणं तर फारच होतं, म्हणून घड्याळ 24 तासांवर ठेवा. आणि चालू व्हायची वेळ लावून बंद व्हायची विसरलात, तर कूलर दुपारपर्यंत चालत राहतो.

रिमोटच्या बऱ्याच कूलरना टायमर लावून उपयोग नाही. वीज परत आली तरी असा कूलर बटण दाबायची वाट बघतो. विकत घेण्याआधी घरीच करून बघा: कूलर चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि पुन्हा लावा. आपोआप फिरायला लागला, तरच टायमर घ्या.