क्रूझरचे मागचे शॉकअप बदलताना: आधी मोजा, मग मागवा

क्रूझर मोटरसायकलची सीट खाली, पाय पुढे. रुबाब छान दिसतो, पण या बैठकीत खड्डा आला तर फूटरेस्टवर उभं राहून धक्का झेलता येत नाही. सगळा मार सरळ माकडहाडावर येतो. त्यातच सीट खाली राहावी म्हणून कंपनीने मागच्या शॉकअपची चालही (दबायला मिळणारं अंतर) आखूड ठेवलेली असते. हायवेवर हे खपून जातं. फाट्यावरून गावाकडे वळून गिट्टी उखडलेल्या रस्त्याला लागलं, किंवा बंडीच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदणीतून वावरात जायचं असलं, की शॉकअप तळाला टेकून 'खट्' वाजतो आणि मागे बसलेला माणूस खांदा घट्ट धरतो.

मग विचार सुरू होतो तो असा: गाडी आदळते, म्हणजे शॉकअप कडक पाहिजे. सगळ्यात जाड स्प्रिंगचा, बाजूला बाटली असलेला, दोन इंच उंच जोड मागवला जातो. गाडी आदळायची थांबते आणि उडवायला लागते. दोष स्प्रिंगमध्ये आहे, डॅम्पिंगमध्ये (स्प्रिंगचे हिंदोळे आवरणारा आतल्या तेलाचा रोध) आहे की उंचीत, हे शोधल्याशिवाय खिशात हात घालू नका.

जुना शॉकअप खरंच गेला आहे का?

सुरुवात टायरच्या हवेपासून करा. चेन कव्हरजवळ किंवा मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळी हवा दिलेली असते. पंक्चरवाला सवयीने दोन्ही टायरमध्ये सारखीच आणि वरून चार-पाच पीएसआय जास्त भरून देतो. तेवढ्यानेही चांगला शॉकअप दगडासारखा वाटतो.

मग गाडी सरळ उभी करून सीटचा मागचा भाग जोरात दाबा आणि सोडा. मागचा भाग एकदा वर येऊन थांबला तर डॅम्पिंग जिवंत आहे. दोन-तीन हिंदोळे घेतले तर आतलं तेल तरी गेलं आहे किंवा व्हॉल्व्ह तरी झिजला आहे. चकाकत्या दांड्यावर बोट फिरवा. तेलाचा ओलावा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर सील गेलं. दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे नखाला लागत असतील तर नवीन सीलही टिकणार नाही, कारण ते खड्डे कानसीसारखे सील कापतात. युरियाच्या गोण्या वाहणाऱ्या गाड्यांचे दांडे लवकर असे होतात. सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढतं आणि क्रोम खातं.

शॉकअप कोरडा आहे आणि हिंदोळेही नाहीत, तर प्रीलोडची खाच पाहा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळलेली आहे ते ठरवणारी खाच. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५० ला अशा सहा खाचा आहेत. शोरूममधून निघाल्यापासून त्यांना हूक पाना लागलेलाच नाही अशा गाड्या भरपूर सापडतात. डबलसीट चालणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या खाचेवर असेल तर ती आदळणारच. दोन्ही बाजूंना दोन खाचा चढवा आणि आठवडाभर चालवून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

खाचेबद्दल एक गैरसमज मात्र पक्का रुजलेला आहे. खाच चढवली की शॉकअप 'कडक' होतो असं सगळेच म्हणतात. स्प्रिंग तीच, तार तीच, मग कडकपणा कुठून वाढणार? खाचेने फक्त गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि खड्ड्यासाठी चाल जास्त शिल्लक राहते. खरा कडकपणा तारेत असतो. बाकी सगळं सारखं ठेवून तार ८ मिमीऐवजी ८.५ मिमी घेतली तर स्प्रिंग सुमारे २७ टक्के कडक होते, कारण तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने वाढतो. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटर पाठीला चांगला कळतो.

मागवण्याआधीची मापं

पहिलं माप सेंटर टू सेंटर: वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. हे माप शॉकअप पूर्ण उघडा असतानाच घ्यायचं, म्हणजे चाक लटकत असताना किंवा शॉकअप काढून जमिनीवर ठेवून. गाडी चाकांवर उभी असताना टेप लावला तर शॉकअप थोडा दबलेला असतो. त्या मापावर मागवलेला जोड तेवढाच आखूड येतो, आणि परत पाठवताना कुरिअरचा खर्च आपल्या माथी.

नंतर दोन्ही टोकांच्या बुशचं (ज्यातून बोल्ट जातो ती नळी) भोक आणि रुंदी व्हर्नियरने मोजा. भोक १० मिमी आहे की १२ की १४, हे अंदाजाने ठरवायचं काम नाही. खालचं टोक गोल डोळ्याचं आहे की दोन पाकळ्यांचं, तेही बघा. शेवटी शॉकअपभोवतीची मोकळी जागा: चेन कव्हर, सायलेन्सर, डिस्कचा कॅलिपर, इंडिकेटरचा दांडा, बॅगेची पट्टी. नवी स्प्रिंग जाड असेल तर चारही बाजूंनी किमान ५ मिमी जागा राहिली पाहिजे.

लांबी कंपनीइतकीच ठेवावी, फार तर १० मिमी जास्त. शॉकअप तिरका असतो आणि बहुतेक गाड्यांना एक्सलच्या थोडा पुढे लागतो, त्यामुळे शॉकअप जेवढा लांब होतो त्यापेक्षा गाडी जास्त उचलली जाते. २५ मिमी लांब जोड लावला की साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि काळ्या मातीत स्टँड रुतला की आडवी होते. हेडलाइट खाली बघू लागते, चेनचा ताण बदलतो, हँडल हलकं पडतं. उलट, दिसायला छान म्हणून आखूड जोड लावला तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना प्रत्येक वळणावर फूटरेस्ट रस्त्याला घासेल.

स्प्रिंग निवडताना विक्रेत्याला चालवणाऱ्याचं वजन, मागे बसणाऱ्याचं वजन आणि नेहमीचं ओझं, तिन्ही सांगा. युरियाची एक गोणी ४५ किलोची, आणि ती कॅरिअरवर एक्सलच्याही मागे बांधली जाते, म्हणून तिचा भार माणसापेक्षा जास्त जाणवतो. ओझं महिन्यातून एखाद्या वेळी असेल तर ते हिशेबात धरू नका, त्या दिवशी खाच चढवा. एका दिवसासाठी कडक स्प्रिंग घेऊन उरलेले एकोणतीस दिवस कंबर का मोडायची?

बाटलीवाल्या शॉकअपचं आकर्षण फार. खरी बाटली कामाची असते. तिच्यात दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून वेगळा राहतो, त्यामुळे लांब खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही. स्वस्त जोडांत मात्र ती कित्येकदा नुसती शोभेची असते. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा साधा, रिबाउंड (दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग) बदलता येणारा जोड केव्हाही बरा. कापून, तेल भरून, वेल्डिंग मारून दिलेले शॉकअप स्वस्त मिळतात. दोनशे किलोच्या गाडीला ते लावू नयेत.

काढणं आणि बसवणं

लागणारं सामान: गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं ग्रीस, दोन लाकडी ठोकळे आणि पाचरीसाठी एक फळी. आदल्या रात्रीच नटांवर स्प्रे मारून ठेवा.

गाडी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँड नसेल तर चासीच्या नळीखाली जॅक आणि ठोकळा लावा. सायलेन्सरखाली किंवा इंजिन ऑइलच्या बोल्टखाली जॅक कधीही लावू नका. पॅडॉक स्टँड इथे चालत नाही. तो गाडीला चिमट्याला (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा स्विंगआर्म) धरून उचलतो, त्यामुळे चासीचं सगळं वजन शॉकअपवरच राहतं, आणि बोल्ट काढताच गाडी खाली बसते.

एका वेळी एकच शॉकअप काढायचा. दुसरा जागेवर असला की चिमटा हलत नाही. चाकाखाली फळीची पाचर सरकवून चाक हळूहळू उचला. योग्य उंचीला आलं की बोल्ट बोटांनी फिरू लागतो, आणि तोच काढायचा क्षण. हातोडा घ्यावासा वाटला तर पाचर अजून नीट बसलेली नाही असं समजा. काढताना वायसरांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवा. आतला आणि बाहेरचा वायसर सारखा दिसतो, पण बऱ्याच गाड्यांत जाडी वेगळी असते, आणि अदलाबदल झाली तर बुश घासून कुरकुरतो.

मोकळ्या झालेल्या खुंटीचे आटे ब्रशने साफ करा. बुश बसणाऱ्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा हलका हात फिरवा, आट्यांवर नको. नवा शॉकअप वर अडकवा, खाली जुळवा आणि दोन्ही नट हाताने लावून ठेवा. मग दुसरी बाजू. बाटली असेल तर ती कंपनीने दाखवलेल्या दिशेलाच ठेवा.

नट कसण्याची घाई इथेच नडते. रबरी बुश असेल तर गाडी स्टँडवर असताना पक्कं कसू नका. चाक लटकत असताना कसलं तर रबर त्याच स्थितीत आवळलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. गाडी चाकांवर घ्या, एकाला वर बसवा, मग टॉर्क पान्याने कसा. १० मिमीच्या बोल्टला साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर लागतात, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. टोपीवाला क्रोमचा नट आतून लवकर संपतो. पाना अडला म्हणजे शॉकअप आवळला गेला असं नाही. नट लावून शॉकअप हाताने आडवा हलवून बघा. खेळ असेल तर वायसर कमी पडतो आहे.

सॅग: खरं काम आता

नवा जोड बसवून सरळ वावराकडे निघणारे निम्मे पैसे शॉकअपमध्ये तसेच पडू देतात. सॅग म्हणजे वजनाने गाडीचा मागचा भाग किती दबतो ते. त्यासाठी तीन मापं घ्या. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखाली एक खूण करा. चाक लटकत असताना समजा अंतर ५६० मिमी आलं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली तेव्हा ५५०. चालवणारा नेहमीच्या कपड्यांत, पाय फूटरेस्टवर ठेवून बसला तेव्हा ५३२. म्हणजे गाडी स्वतः १० मिमी दबली आणि माणसासह २८. चाकाची एकूण चाल ९० मिमी धरली तर हे सुमारे ३१ टक्के झालं, आणि क्रूझरला २५ ते ३३ टक्के चांगले. प्रत्येक माप घेण्याआधी मागचा भाग एकदा दाबून आणि एकदा उचलून हलकेच सोडा, दोन्हींची सरासरी धरा.

माणसासह सॅग ४० आला तर खाच चढवा, १५ आला तर उतरवा. खाच चढवून माणसासह आकडा बरोबर आला, पण गाडी स्वतःच्या वजनावर अजिबात दबत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती आधीच खूप आवळून ठेवली आहे. सगळ्या खाचा उतरवूनही माणसासह सॅग १५ च्या वर जात नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. या दोन्ही वेळी खाच फिरवत बसण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलून मागवा.

रिबाउंडची चकती असेल तर ती पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत मधोमध आणा. स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलत राहिली तर दोन क्लिक बंद करा. उलट, गिट्टीच्या रस्त्यावर पहिला धक्का मऊ, पाचवा-सहावा दगडासारखा, असं झालं तर रिबाउंड जास्त बंद आहे. शॉकअपला पुढच्या खड्ड्याआधी वर यायला वेळच मिळत नाही, तो दबत दबत खाली बसतो. तेव्हा दोन क्लिक उघडा. बरेच जण नेमकं उलट करून आणखी बंद करतात. दोन्ही बाजूंचे क्लिक सारखेच ठेवा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेल पातळ होतं आणि तीच सेटिंग दुपारी ढिली वाटते. एखादा क्लिक बंद करावा आणि पावसाळा लागला की परत उघडावा.

शेवटी वजनदार माणूस मागे बसवून चेनचा ढिलेपणा, ब्रेकची नळी आणि स्प्रिंगभोवतीची जागा पुन्हा तपासा. चाक वर्तुळाच्या चापात वर जातं, त्यामुळे स्टँडवर मोकळी दिसणारी जागा भाराखाली कमी होते.

पावसाळ्यातली निगा

काळी माती स्प्रिंगच्या वेटोळ्यांत भरते आणि वाळली की विटेसारखी होते. ती तशीच ठेवून गाडी चालवली तर सील घासलं जातं. माती ओली असतानाच साध्या पाण्याने धुवा, आणि वाळलीच तर भिजवून बांबूच्या काडीने काढा. सर्व्हिसिंगच्या मशीनचा फवारा दांडा आणि सीलवर सरळ मारू देऊ नका. पाणी सीलखाली शिरतं आणि महिन्याभरात तेल बाहेर यायला लागतं.

पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर चारही नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. जुना जोड चांगला असेल तर वायसरांसकट पिशवीत बांधून ठेवा. नवा गळला आणि वॉरंटीत पाठवावा लागला, तर गाडी त्यावर चालेल.