शुगर ग्लायडर पाळताय? आधी त्याचं घड्याळ समजून घ्या, या चुका टाळा

आमचा शुगर ग्लायडर चिकू घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई काळजीत पडली. "अरे, हे सकाळपासून हललेलं नाही. आजारी तर नाही ना?" मी झोपायच्या पिशवीत हात घातला आणि आतून असा करकराट आला, जशी मिक्सरमध्ये कोरडी चटणी फिरतेय. जेमतेम शंभर ग्रॅमचा जीव, पण त्या आवाजाने हात आपोआप मागे आला. आजारी नव्हता तो. त्याची झोपमोड झाली होती.

लोक याला उडती खार म्हणून घरी आणतात आणि खारीसारखा दिवसा बागडेल असं धरून चालतात. पण हा खारीच्या नात्यातला नाहीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा, कांगारूच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. रात्री झाडांचा चीक, मकरंद, किडे शोधत हिंडायचं आणि दिवसा ढोलीत सगळ्या भावकीने एकमेकांना चिकटून झोपायचं, हा त्याचा दिनक्रम. तेव्हा दुपारी पाहुणे आले म्हणून पिशवी उघडून दाखवू नका. लळा लावायचा असेल तर तीच पिशवी गळ्यात अडकवून घरातली कामं करा. तो झोपेल, तुमचा वास त्याच्या ओळखीचा होईल. खेळ रात्री, दिवे मंद केल्यावर. जेवणही तेव्हाच. सकाळी ठेवलेली पपई तो उठेपर्यंत आंबलेली असते.

पिंजरा कुठे ठेवायचा यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. बेडरूममध्ये ठेवला तर तुमची झोप गेली. हॉलमध्ये ठेवला आणि बारापर्यंत टीव्ही, ट्यूबलाइट चालू राहिली, तर तो बाहेर येत नाही, खातही नाही. शेवटी पुस्तकांच्या कपाटाचा कोपरा त्याला गेला.

आता सर्वांत मोठी चूक. ती मीही केली. विकणाऱ्याने सांगितलं, "एकच घ्या, जोडी घेतली तर तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही." मला पटलं. चार महिन्यांनी चिकूच्या शेपटीच्या बुडाजवळचे केस गायब झाले. आधी वाटलं बुरशी. मग एका रात्री टॉर्चला लाल कागद लावून बसलो, तर तो एकाच कोपऱ्यात उलट्या कोलांट्या मारत होता आणि मधेच थांबून शेपूट चावत होता. एकटेपणाने आणि ताणाने हे प्राणी स्वतःचे केस उपटतात, काही तर कातडीही कुरतडतात. जखम दिसली तर थेट डॉक्टर. आणि आपण सोबत देतो की, असं म्हणू नका. रात्री दोन तास खेळलात तरी उरलेली रात्र त्याची एकट्याचीच असते. जोडीदारासारखे त्याचे केस विंचरायला आपण काही येऊ शकत नाही.

मग त्याला जोडीदार म्हणून वेलची आणली. पण दुसरी आणून सरळ पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडायची नसते. महिनाभर वेगळी खोली. मग पिंजरे जवळ, पण एकमेकांना चावता येणार नाही इतक्या अंतरावर, आणि दर एक-दोन दिवसांनी झोपायच्या पिशव्यांची अदलाबदल. पहिली भेट दोघांनाही परक्या जागी. आमची कोरड्या बाथरूममध्ये झाली, कमोडचं झाकण लावून. थोडी करकर, थोडा पाठलाग चालतो. भांडत गोळा होऊन लोळायला लागले तर जाड टॉवेलने सोडवा, उघड्या हाताने नको. पिल्लं नको असतील तर नराची नसबंदी आधी उरकून घ्या. हे काम एक्झॉटिक, म्हणजे नेहमीच्या पाळीव प्राण्यांपेक्षा वेगळे, प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांचं आहे, आणि असे डॉक्टर कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात नसतात. प्राणी आणण्याआधीच शोधून ठेवा.

रात्री दोनला लहान कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर घाबरू नका. तो साद घालतोय किंवा कसली तरी चाहूल लागलीय. एकदा बघून या. दर वेळी दिवा लावून खाऊ दिलात तर उद्या खाऊसाठीच भुंकेल. वेलची आल्यावर चिकूचं भुंकणं खूपच कमी झालं.

वयात आलेल्या नराच्या डोक्यावर टक्कल पडतं. तो खरजेचा डाग नव्हे, गंधग्रंथी आहे. त्या वासानेच हे एकमेकांना ओळखतात. म्हणून वास येतो म्हणत पिंजरा फिनेलने पुसून सगळ्या पिशव्या एकाच दिवशी धुवायला टाकल्या, की दोघेही बिथरतात. निम्म्या आज धुवा, निम्म्या चार दिवसांनी. आंघोळ तर कधीच नाही.

थंडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबरात एका पहाटे वेलची हाताला गार लागली, हलेना. गारठा किंवा उपासमार झाली की यांचं शरीर मंदावतं आणि मेल्यासारखं दिसतं. शर्टाच्या आत अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका, आणि शुद्ध नसताना तोंडात मध तर अजिबात घालू नका. जाग आली तरी डॉक्टरांना दाखवा. खोली २४ ते २७ अंश असलेली बरी, म्हणजे रात्रभर १८ वर एसी लावणाऱ्यांनी विचार करावा.

नुसत्या फळांवर ठेवलेल्यांचे मागचे पाय कॅल्शियमअभावी लुळे पडतात. आहाराचा तक्ता डॉक्टरांकडूनच घ्या.

आणि पिंजऱ्याबाहेर सोडण्याआधी वर बघा. झेप घेणाऱ्या प्राण्याला आपल्या घरातला सर्वांत मोठा धोका छताच्या पंख्याचा. आमच्याकडे रात्री दहा ते अकरा पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी असते, आणि मे महिन्यात बाबा त्या तासाला गच्चीत जाऊन बसतात.