रंग मारण्याआधी गाडीच्या पत्र्यातला खड्डा भरताना या चुका टाळा

नव्या रंगात ट्यूबलाइटची रेघ गाडीच्या दरवाजावर वाकडी दिसली, तर रंगाला दोष देऊ नका. खाली खोलगट जागा राहून गेलेली असते, आणि वरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चकचकीत असल्यामुळे ती अधिकच उठून दिसते.

सगळ्यात मोठी चूक घासताना होते. बोटांनी पेपर (घासायचा खरखरीत कागद) धरून खड्ड्यावरच घासत राहिलं, की पत्र्यापेक्षा मऊ असलेली पुट्टी (इथे हार्डनर मिसळायची पॉलिस्टर पुट्टी) तिथूनच जास्त निघते आणि खड्डा वाढत जातो. पेपर कडक ठोकळ्यावर लावा. दरवाजा, बॉनेट अशा लांब भागाला ठोकळाही फूटभर लांब हवा. घासायचं तिरपं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. त्याआधी काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा, म्हणजे गाइड कोट, मारा. घासल्यावर काळं उरेल ती जागा खोल, पत्रा चमकू लागेल ती उंच. पुष्कळदा खड्डा वाटतो तिथे खरं तर शेजारची कड वर आलेली असते. ती घासून काढली तर पत्रा पातळ होतो. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी खाली बसवा, मगच काळ्या जागी पुट्टी लावा आणि ती खड्ड्याच्या बाहेरपर्यंत पसरवा.

पुट्टीचा थर घासून झाल्यावर ३ मिलीमीटरच्या आत हवा. खड्डा त्याहून खोल असेल तर आधी डॉली (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडी, किंवा पुलर (बाहेरून ओढणारं अवजार) वापरून पत्रा वर घ्या. अंगठ्याने दाबल्यावर पत्रा टक्कन आतबाहेर होत असेल, तर तो ताणलेला आहे. आधी उष्णता देऊन आकसवा, नाहीतर वरची पुट्टी तडकणारच.

हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारी पेस्ट, १०० ग्रॅम पुट्टीला २ ते ३ ग्रॅम. मे महिन्याच्या उकाड्यात पुट्टी पाचेक मिनिटांतच घट्ट होते, म्हणून हार्डनर कमी घालण्याचा मोह होतो. मग ती आतून मऊ राहते, पेपर तिने भरून जातो. जास्त झाला तर फिक्या रंगातून पिवळट डाग उमटतात. प्रमाण तेच ठेवा, एका वेळी कालवायची पुट्टी कमी करा.

मुंबईच्या पावसाळ्यात तर पॉलिस्टर पुट्टी पाण्याने अजिबात घासू नका. ती पाणी शोषते, ओल पत्र्यापर्यंत पोचते आणि काही महिन्यांनी रंगावर फोड येतात. उघडा पत्रा या दमट, खाऱ्या हवेत एका रात्रीतही गंज धरू शकतो. त्याच दिवशी पुट्टी किंवा इपॉक्सी प्रायमर लावा. आम्ल असलेल्या एच (etch) प्रायमरवर मात्र ही पुट्टी नको, ती नीट पकडत नाही.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, म्हणजे हार्डनरशिवाय सुकणारी, फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांसाठी. तिच्यातला थिनर उडतो तशी ती आकसते. खड्ड्यात भरली तर आज सपाट दिसते, काही आठवड्यांनी बसते.

पेपर ८०, १५०, २४० नंबर या क्रमाने; नंबर मोठा तसा पेपर बारीक. ८० वरून थेट ३२० वर गेलात तर ओरखडे रंगातून दिसतील. प्रायमरवर पुन्हा गाइड कोट मारा, आणि शेवटी ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पॅनेल ओलं करून बाजूने उजेड टाका. राहिलेली खोलगट जागा तेव्हाच दिसते, आणि तेव्हाच ती स्वस्तात भरता येते.